दंडावरचा चट्टा

सुनेची अट होती, लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. घेतली. मी अल्टरेशनच्या दुकानात काम करते, सुया टोचून घ्यायची सवयच आहे. मग मुलाने रविवारी ये म्हणून सांगितलं.

रविवार तोंडावर आला आणि दंड लाल झाला. टोचलं तेव्हा काही नाही, आणि मी विसरूनही गेल्यावर हा तळहाताएवढा चट्टा, गरम आणि खाजरा. दवाखान्यात गेले. नर्सने बोटाने दाबून पाहिलं.

"काहींना उशिरा येतं असं. थंड पट्टी ठेवा, आपोआप जाईल."

"नातवाला घेतलं तर?"

"खुशाल घ्या. हे कुणाला लागत नाही."

लांब बाह्यांचं घालून गेले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण मला मेलीला सगळं सांगून टाकायची खोड. दारातच सांगितलं. सून मागे सरकली.

"आई, नर्स म्हणजे काही डॉक्टर नाही," मुलगा म्हणाला.

"मग डॉक्टरांना विचार ना. लाव फोन."

"उगाच कशाला? चट्टा गेला की ये. बाळ काय पळून जातंय?"

आतल्या खोलीत बाळ रडत होतं. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, जशी काही मी घाण घेऊन आले होते.

चट्टा गेला. फोन केला तर मुलगा म्हणाला, "इतक्यात नको, घरात गर्दी आहे." गर्दी म्हणजे विहीणबाई, सुनेची आई. त्या मुक्कामाला आल्या होत्या. माझी समजूत काढायला त्याने संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला.

विहीणबाई बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये आरामात बसल्या होत्या. बाळ त्यांच्या हातावर झोपलेलं, आणि वर दंडावर लालभडक चट्टा. माझ्या चट्ट्यापेक्षा मोठा.

"हे काय झालं हो?" मी विचारलं.

"अहो, लसीचं. आठवड्याने उठलंय बघा. जावई म्हणाले, काही होत नाही, घ्या खुशाल बाळाला." बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. "तुम्ही कधी येताय? अजून पाहिलंसुद्धा नाहीत तुम्ही याला."

मी मुलाकडे पाहत राहिले. तो त्यांच्या खुर्चीमागेच उभा होता. त्याने पुढे होऊन फोन हातात घेतला.

"आई, तुझा आवाज येत नाहीये," तो म्हणाला आणि फोन बंद केला.