मोजणीत न बसलेली

शहाण्णव साल. इस्पितळाच्या तळमजल्यावर, हृदयविभागाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी चौकोनबाई एका आजोबांना विचारत होती, "घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का?"

"अचानक म्हणजे?"

"म्हणजे सकाळी धडधाकट, आणि दुपारी नाही."

"आमच्याकडे कुणाला घाईच नसते हो," आजोबा म्हणाले. "चुलता तर ब्याण्णवाव्या वर्षीसुद्धा जायला तयार नव्हता. हात धरून न्यावं लागलं त्याला."

तिने चुलत्याचा चौकोन काढला, त्यावर तिरकी रेघ मारली आणि आतून कोरा ठेवला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजारी असेल तर आतून काळं, गेलेलं असेल तर वरून रेघ. दिवसभर ती अशी घरंच्या घरं कागदावर उतरवायची, म्हणून तिचं नाव चौकोनबाई पडलं होतं. नाव तिला आवडायचं नाही, पण काम आवडायचं.

मोजणी मोठ्या डॉक्टरांची होती. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा एक आजार असतो. तो रक्तातून उतरतो, आईबापांकडून मुलांकडे. पुस्तकं म्हणायची, फार दुर्मीळ. डॉक्टरांना ते पटत नव्हतं. "आपण शोधत नाही म्हणून सापडत नाही," ते म्हणायचे. म्हणून वर्षभरात इकोच्या तपासणीला येणारा प्रत्येक रुग्ण आधी तिच्यासमोर बसायचा. तोच प्रश्न तिने हजाराच्या वर लोकांना विचारला होता. स्वतःला एकदाही नाही.

तिचे वडील पोस्टमन होते. ते गेले तेव्हा ती बारा वर्षांची, धाकटी सात वर्षांची. टपालाची पिशवी घेऊन चढावर सायकल रेटताना ते खाली पडले, ते पडलेच. वय एकोणचाळीस. "छातीत कळ आली," लोक म्हणाले, आणि विषय संपला.

थोरलीला त्या सायकलीची आठवण होती, ती पुढच्या दांडीची. दांडीवर नेहमी धाकटी बसायची. थोरली आईबरोबर मागून चालत यायची आणि वळणावर दोघांचं हसणं तेवढं तिच्यापर्यंत पोचायचं. धाकटीचं नाक वडिलांचं, चाल वडिलांची. "ही म्हणजे बापाची सही आहे," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि मग थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "ही माझ्यावर गेलीय." सांत्वन केल्यासारखं. वडिलांचं घड्याळसुद्धा पुढे धाकटीच्या मनगटावर गेलं. का, तर तिला शोभतं. आता धाकटी अडतीस वर्षांची होती. शाळेत खेळ शिकवायची, नवरा होता, मुलगी होती. थोरली आईजवळ राहिली.

त्या रविवारी धाकटी आली आणि खुर्चीत बसून म्हणाली, "ताई, परवा जिना चढताना डोळ्यांपुढे एकदम अंधार आला गं."

आई लगेच साखरपाणी करायला उठली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा तिचा स्वतःचा ताप एकशे तीनवर गेला होता तेव्हा तिचं तिनेच पाणी घेतलं होतं.

"उपाशीपोटी शाळेत जातेस, दुसरं काय होणार?" ती म्हणाली.

"तू दवाखान्यात असतेस ना? म्हटलं, तुला विचारावं."

"मी चौकोन काढते. डॉक्टर नाही मी."

सोमवारी दुसऱ्या वॉर्डातून एक जुन्या नर्सबाई मोजणीच्या कामावर आल्या. त्यांना शिकवायला म्हणून एक घर काढायचं होतं. थोरलीने पटकन जे घर पाठ होतं तेच काढलं. एक चौकोन, त्यावर रेघ, खाली वय, 'अचानक'. शेजारी वर्तुळ. खाली दोन वर्तुळं.

नर्सबाईंनी चष्मा पुसून कागद जवळ धरला. "एकोणचाळीस, अचानक. आणि या दोन मुलींना बोलावलंत कधी?"

"कोणाला?"

"या खालच्या दोघी. तुम्हीच आत्ता शिकवलंत ना, असं दिसलं की मुलांना बोलवायचं?"

थोरलीने कागद परत घेतला. मग म्हणाली, "बोलावते."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच इकोच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन आडवी झाली. मशीन चालवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी छातीवर थंडगार जेली लावली, पडद्यावर बराच वेळ पाहिलं.

"चौकोनबाई, पेढी मांडून बसल्यासारखं व्यवस्थित चाललंय आत. शंभर वर्षं बघायला नको."

"नीट बघा."

"अहो, नीटच बघितलं. लोक हे ऐकून मशीनच्या पाया पडतात. तुमचं तोंड का उतरलं?"

सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट होती. वडिलांकडून निदान हे तरी आपल्याला आलं असेल, असं तिला आत कुठेतरी वाटत होतं. तेही नाही. म्हणजे तेही धाकटीकडेच गेलं असणार.

बुधवारी तिने बहिणीला सांगितलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी शाळेतून फोन आला, तर धाकटीच बोलत होती. "ताई, उद्या शिक्षकांची शर्यत आहे, दुपारी बाराला. पाच वर्षं मीच पहिली येतेय. तू एकदाही आली नाहीस."

"काम असतं," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. रविवारी सांगू, असं तिने ठरवलं. रविवारी ती येईलच.

शनिवारी साडेअकराला एक बाई समोर बसली होती. "घरात कोणी चाळिशीच्या आत," थोरलीने सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं. थोरलीने पेन खाली ठेवलं, नर्सबाईंना म्हणाली, "यांचं घर तुम्ही काढा," आणि निघाली. फाटकापर्यंत चालली, मग पळायलाच लागली. त्रेचाळीस वर्षांत ती कधी पळाली नव्हती. चपलेचा अंगठा तुटला, केस सुटले, पण तिला भोवळ आली नाही, अंधार आला नाही. हृदय इमानदारीने धावत होतं.

मैदानावर चुन्याच्या रेघेपाशी सात शिक्षक उभे होते. धाकटी वाकून तयार होती. थोरलीने जाऊन तिचं मनगट धरलं, घड्याळासकट.

"ताई! आलीस? अगं, हे काय, सोड ना."

"पळू नकोस."

"सगळे बघताहेत. सोड."

"नाही सोडणार."

धाकटीचा चेहरा लाल झाला. "तुला माझं जिंकणं कधी बघवलंच नाही!"

"नाही बघवलं," थोरली धापा टाकत म्हणाली. "लहानपणापासून नाही. आजही नाही. तरी पळू नकोस. बाबा चढावर पडले ना, ते बाबांचं हृदय तुझ्याकडे आलं असणार."

"तुला काय माहीत?"

"माझ्याकडे नाही आलं. मी बघून आले."

शिट्टी वाजली. सहाजण पळाले. रेघेवर दोघी बहिणी तशाच उभ्या राहिल्या.

सोमवारी मास्तरांनी धाकटीची तपासणी केली आणि एकदाही विनोद केला नाही. मोठे डॉक्टर आले, पडद्यावरची जाड भिंत बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सुंदर!" मग ते ओशाळले. कोपऱ्यात उभ्या थोरलीला पुन्हा तेच वाटलं. इथेही कौतुक हिचंच.

टेबलाशी परत आल्यावर तिने विचारलं, "सर, हिला कितवा नंबर देऊ?"

"यांना नाही धरायचं. आपण फक्त आपणहून आलेले रुग्ण मोजतोय. या तुमच्यामुळे आल्या."

थोरलीला क्षणभर बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच धाकटी कशात तरी बसली नव्हती. आणि मग तिने घरचा तो कागद पुढे ओढला, उजवीकडचं वर्तुळ काळं करायला घेतलं. भरता भरेना.

वर्ष संपलं तेव्हा दोन हजार एकशे चाळीस रुग्णांत अकरा निघाले. डॉक्टरांचा लेख छापून आला. शेवटच्या ओळीत चौकोनबाईंचे आभार होते. डॉक्टर पुढे दुसऱ्या गावी गेले. मास्तर निवृत्त होऊन नातवंडांना पत्ते शिकवत बसले. नर्सबाईंनी मात्र सवय सोडली नाही. लग्नकार्यातसुद्धा त्या लोकांना 'घरात कोणी अचानक?' विचारायच्या, म्हणून लोक त्यांना टाळायचे. आई म्हातारी होऊन गेली, झोपेत.

धाकटी गोळ्यांवर चोवीस वर्षं जगली. पळणं सुटलं, हातात शिट्टी आली. तिच्या मुलीकडेही ते उतरलं, पण लहानपणीच कळल्यामुळे ती जपून आणि मजेत आहे. घड्याळ आता तिच्या मनगटावर आहे.

संध्याकाळी दोघी बहिणी फिरायला जायच्या. धाकटीला भरभर चालायची मनाई होती, म्हणून तिची ती वडिलांची चाल गेली आणि ती थोरलीच्या बरोबरीने चालू लागली. चढावर दोनदा थांबायची. "तू हो पुढे," म्हणायची. थोरली कधी गेली नाही.

थोरली अजून जाते, एकटीच. चढावर त्याच दोन जागी थांबते, विजेच्या खांबाला हात टेकून. शेजारून जाणारं कोणीतरी विचारतं, "आजी, दम लागला का?"

ती हो म्हणते. दम लागलेला नसतो.