कानांनी घेतलेला कॉम्प्युटर

वाचनबाईंनी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा सल्ला द्यायचं कुणीच बाकी ठेवलं नाही. मुलगी म्हणाली, लॅपटॉप घे. नवरा म्हणाला, "आहे त्याला काय धाड भरलीय?" जावई तर सुट्टी टाकून दारातच हजर झाला. बाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, कारण करायचं काय ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

बाईंचं काम आवाजाचं. त्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या आणि लोक ती प्रवासात, कामं उरकताना ऐकायचे. बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव वाचनबाई पडलं ते त्यामुळेच. हॉलला लागून असलेल्या लहानशा खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टेकवून हा उद्योग चालायचा. इतके दिवस छोट्या गोष्टी वाचल्या, आता पहिल्यांदाच चारशे पानांची कादंबरी चालून आली होती, तीही एका खट म्हातारीची गोष्ट सांगणारी. बाईंनी नमुना म्हणून पहिली काही पानं पाठवली आणि ऑडिओबुक काढणाऱ्या कंपनीच्या रेकॉर्डिस्टचा निरोप आला. आवाज झकास, पण मागे सारखं काहीतरी घरघरतंय. सोमवारपर्यंत स्वच्छ नमुना आला नाही तर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

घरघरत होता तो जुना कॉम्प्युटर. बाईंनी त्याला खोलीबाहेर ठेवून पाहिलं, तर लांबलचक वायरीतून वेगळीच गुणगुण सुरू झाली. ही कादंबरी हातची गेली असती तर त्यांना फार लागलं असतं. त्या म्हातारीला कुठे ठसका लागतो, कुठे ती मुद्दाम बहिरी होते, हे सगळं त्यांना पाठ झालं होतं.

नवऱ्याचं म्हणाल, तर लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण बायकोच्या वाचनाबद्दल 'बरं आहे'च्या पुढे त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. बाईंनीही ती आशा सोडून दिली होती. निदान त्या तसं सांगायच्या.

दुकानात शिरताच जावई थेट कॉम्प्युटरच्या एका काचेच्या कॅबिनेटपाशी गेला. आत सहा पंखे लाल, निळे, जांभळे दिवे लावून भिरभिरत होते.

"आई, हे घेऊ. आणि हे ग्राफिक्स कार्ड. एकदम भारी!"

"त्याने माझं वाचन सुधारेल?"

"वाचन नाही, पण पुढेमागे नातवाला गेम खेळायला..."

"नातू अजून रांगतोय, जावईबापू. घरात गेम कोण खेळतं ते लेकीने सांगितलंय मला."

दुकानदाराने हसू लपवायला उगाच खाली वाकून ड्रॉवर उघडला. बाईंनी मात्र जावयाला वाऱ्यावर सोडलं नाही. "माझ्याजवळचे पैसे मोजके आहेत. प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय असते म्हणतात, तेवढी मला पुष्कळ झाली. पडद्यावर आवाजाची रेघ दिसली की माझं भागलं. आता मला सांगा, ह्या सगळ्यांत आवाज कोण कोण करतं?"

जावई हाडाचा चांगला माणूस. तो बोटांवर मोजत म्हणाला, "मग हार्ड डिस्क नको. ती फिरते. एसएसडी घेऊ, तिच्यात हलणारं काही नसतं. कॅबिनेटही काचेचं नको, जाड पत्र्याचं बघू. राहता राहिले पंखे."

"हे बोललात शहाण्यासारखं."

पंख्यांपाशी मात्र दुकानदार आडवा आला. "बाई, कुठलाही घ्या. आवाजच नाही ह्यांना."

"तुमच्या दुकानात मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये. आधी तो एसी बंद करा."

एसी बंद झाला, दार लोटलं गेलं. चार्जर घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईकसुद्धा श्वास रोखून उभं राहिलं. बाईंनी डोळे मिटून कान पुढे केला. पहिला पंखा लागला. "हा शिट्टी मारतो." दुसरा लागला. "ह्याला दमा आहे." तिसरा चांगला थाळीएवढा, रंगाने चहाच्या डागासारखा, दिसायला अगदीच गबाळा. बाई थांबल्या.

"लावलात का?"

"फिरतोय की, बाई!"

"मग हाच."

त्याची किंमत ऐकून जावयाचे डोळे विस्फारले. पण ग्राफिक्स कार्डाला फाटा दिला होता, त्यात हा पंखा बसला, शांत पॉवर सप्लाय बसला आणि वर थोडे पैसे उरलेसुद्धा. खालच्या फळीवरचं धूळ खात पडलेलं काळं कॅबिनेट दुकानदाराने पुसून पुढे ठेवलं. दिसायला ते शुद्ध ठोकळा होतं. बाईंना ते फार आवडलं.

रविवारी सकाळी बाईंनी दार लावून नमुना पुन्हा वाचला आणि हेडफोन लावून तपासायला बसल्या. घरघर पार गेली होती. म्हातारी अशी बोलत होती, जणू शेजारीच बसलीय. बाई स्वतःवरच खूश होत्या. तेवढ्यात सहाव्या पानावर कुणीतरी हसलं.

त्यांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. लांबून आलेलं, दाबलेलं, पण हसूच होतं. आठव्या पानावर परत तेच. बाईंनी दार उघडलं. हॉलमध्ये नवरा पेपर धरून बसला होता.

"अहो, तुम्ही हसलात?"

"मी? छे!"

बाईंनी हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. नवऱ्याने स्वतःचं हसू ऐकलं आणि कानकोंडा झाला. "अगं, ती म्हातारी डॉक्टरलाच गोळ्या घ्यायला सांगते ना, ते तू असं काही घेतलंस की मला आवरलंच नाही."

"म्हणजे तुम्ही ऐकत होतात?"

"रोजच ऐकतो. आधी त्या डब्यापायी दाराला कान लावून बसावं लागायचं, तरी अर्धं निसटायचं. हसलो तरी घरघरीत खपून जायचं म्हणा. आता इथं खुर्चीत बसूनसुद्धा सगळं कळतं. चांगला घेतलास हो कॉम्प्युटर."

"रोज?" बाईंनी विचारलं. नमुना बिघडवला म्हणून खरं तर त्यांना ओरडायचं होतं, पण आनंदात ते राहूनच गेलं.

ती दोन पानं त्यांनी नवऱ्याला भाजीला पिटाळून पुन्हा वाचली. हसू असलेली पुसली नाहीत, वेगळी ठेवली. सोमवारी निरोप आला, आता फक्त तुम्हीच ऐकू येता, पुस्तक तुमचं.

मंगळवारी वाचायला बसण्याआधी बाईंनी घरातल्या प्रत्येक खुर्चीवर नवऱ्याला बसवून कान देऊन ऐकलं. लाकडी कुरकुरली, घडीची किरकिरली. स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल तेवढं मुकाट राहिलं. ते उचलून त्यांनी आतल्या खोलीत गाद्यांच्या कोपऱ्यात ठेवलं.

"पेपर बाहेर ठेवा. आणि हसू आलं तर?"

"तोंडात रुमाल कोंबतो," नवरा म्हणाला आणि आत येऊन बसला.