पाडव्याचं पाणी

अमेरिकेत लॅम्बर्टव्हिल नावाच्या छोट्या गावात कालव्याच्या काठावरचं जुनं गेस्ट हाउस मी विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा आम्ही राहायचो त्या आयसेलिनमधल्या यच्चयावत मराठी माणसांनी मला वेड्यात काढलं. सगळ्यांत आधी माझ्याच नवऱ्याने. हेमचंद्र सिव्हिल इंजिनियर, त्याला घर दाखवलं की तो पाया बघतो.

दर वसंतात उत्तरेकडचा बर्फ वितळला की पलीकडची नदी फुगते, नदी कालव्यात घुसते आणि कालवा आमच्या दारात येतो. गावाला त्याचं काही वाटत नाही. लोक खुर्च्या टेबलांवर चढवतात, पाणी ओसरलं की चिखल लोटतात, आणि शनिवारी न्यूयॉर्कचे प्रवासी पुन्हा हजर. पण आमच्या हॉलमध्ये लागोपाठ दोन वर्षं पाणी शिरलं आणि चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात हेमचंद्रने निर्वाणीचं सांगितलं, "यंदा पाणी उंबऱ्याच्या आत आलं, तर विकायचं. गिऱ्हाईक तयार आहे."

गिऱ्हाईक आणलं होतं राजीव भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने. तो माणूस घर पाडून तिथे पार्किंग लॉट करणार होता. पार्किंग लॉट! त्या घराची एकेक खिडकी मी स्वतः खरवडून रंगवलेली. मग मीही हट्टाला पेटले. गुढीपाडव्याचं मराठी मंडळाचं जेवण यंदा माझ्याकडे, असं परस्पर जाहीर करून टाकलं.

रविवारी सगळे आले. गाड्या वरच्या रस्त्यावर लावून, साड्या सावरत. आणि आपल्या माणसांनी जे करायचं तेच केलं: चपला-बूट मागच्या ओसरीवर, कालव्याच्या बाजूला, ओळीने काढून ठेवले. गावातल्या एकाही अमेरिकन माणसाने एप्रिलमध्ये ती चूक केली नसती. माझ्याही डोक्यात आलं नाही.

श्रीखंड वाढत होते, तेवढ्यात खिडकीशी उभी असलेली पाहुण्यांमधली छोटी पद्मिनी ओरडली, "मम्मी, लुक! द शूज आर स्विमिंग!"

सगळे धावले. मंडळातल्या डॉक्टरांचे बूट, सुहासिनीकाकूंच्या कोल्हापुरी, राजीव भावजींचे नवेकोरे इटालियन जोडे, सगळं कालव्यातून खाली ट्रेंटनच्या दिशेने निघालं होतं. कालव्यावरच्या पुलावर प्रवासी फोटो काढत होते. आणि आम्ही तिकडे बघत असतानाच पाणी उंबरा ओलांडून आत आलं. गार, तपकिरी, कोणाचीही परवानगी न घेता.

"वहिनी, आता तरी ऐका," राजीव भावजी म्हणाले.

मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त राग येत होता. पाण्याचा नाही, त्या 'आता तरी'चा. मी पदर खोचला.

"पाय बाकावर घ्या, भावजी. पुऱ्या गार होतायत."

कोणी हललं नाही. मग मंडळाच्या अध्यक्ष सुहासिनीकाकूंनी नऊवारी गुडघ्यापर्यंत उचलली, बाकावर मांडी ठोकली आणि म्हणाल्या, "मला वाढ गं. अनवाणी कुठे जाणारे मी?"

खरंच, कोण कुठे जाणार होतं? गाड्यांपर्यंतचा चढ चिखलाने भरलेला, हवा बर्फासारखी, आणि पायात काही नाही. लोक पाय वर घेऊन पोटभर जेवले. मग मी वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या उघडल्या. घर घेतल्यापासून पहिल्यांदाच एकही खोली रिकामी राहिली नाही.

संध्याकाळी भिंतीवरचा फोन वाजला. हेमचंद्रने उचलला. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, गिऱ्हाईक होतं. तो पाण्याकडे बघून म्हणाला, "येस. इट्स इनसाइड." मग रिसीव्हर कानाला तसाच धरून त्याने माझ्याकडे बघितलं.

मी घोटाभर पाण्यातून चालत गेले आणि रिसीव्हर त्याच्या हातातून घेतला. त्या माणसाला इंग्रजीत स्वच्छ सांगितलं: हो, पाणी आत आलंय. पुढच्या वर्षीही येईल. घर विकायचं नाही. कागदावर माझीही सही लागते आणि ती मी करणार नाही. आज सगळ्या खोल्या भरल्यात. तुम्हाला उन्हाळ्यात राहायला यायचं असेल, तर आधी फोन करा.

मी फोन ठेवला. हेमचंद्र काय म्हणेल याची मी वाट बघत होते, आणि काहीही म्हणाला तरी माघार घेणार नव्हते.

त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"उत्तरा," तो म्हणाला, "माळ्यावर अजून गाद्या आहेत का? काकूंना जमिनीवर झोपवत नाही."