तुळजाबाई दिसेल असा फोन

नवा फोन घेऊन शिवकांताला स्वतःला मिळणार होतं ते एवढंच: तुळजाबाईच्या समोरून ताठ मानेनं जाता येणं.

तळ्यातल्या गाळाच्या सरकारी कामावर वीस बायका, शिवकांता त्यांची मुकादम. सकाळी सगळ्यांचा एक फोटो, दुपारी एक; दोन्हींत तोंड ओळखू आलं तरच हजेरी. जुन्या फोनला दुपारी तुळजाबाई दिसतच नव्हती. सकाळी कशीबशी यायची; भर उन्हात तिच्या काळ्या, सुरकुतल्या चेहऱ्याचा नुसता डाग उमटायचा. तालुक्याहून तिचे तीन दिवस कापून आले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती रोज फक्त विचारायची, "आज आले का गं मी?"

म्हणून शिवकांतानं बचत गटातून कर्ज उचललं. सकाळचा फोटो काढून जुना फोन बायकांतल्याच महामायाच्या हाती दिला आणि तुळजाबाईलाच घेऊन अहमदपूर गाठलं. ज्या चेहऱ्यासाठी फोन घ्यायचा, त्याच्यावरच कॅमेरा पारखायचा. दुपारच्या फोटोच्या आत परत. बेत चोख होता.

"आजीला सावलीत घ्या ताई, फोटो भारी येतो," दुकानदार सुदर्शन म्हणाला.

"तळ्यात सावली तू आणून देणार हाईस का?" शिवकांतानं तुळजाबाईला भर उन्हात रस्त्याकडेला उभं केलं.

पहिल्या फोननं तुळजाबाईला गोरीपान करून टाकलं.

"ही कोण बाई हाय?" तुळजाबाईनं विचारलं.

"सायेबबी हेच इचारंल." शिवकांतानं तो बाजूला सारला.

दुसऱ्यात चेहरा नीट आला, पण अंगठ्यानं दाबलं की त्याची पाठ करकरायची. तिसऱ्यात सुरकुती न् सुरकुती उमटली.

"ही मीच," तुळजाबाई म्हणाली. "चल आता."

तेव्हाच निघायचं. पण शिवकांताच्या डोक्यात बॅटरी शिरली होती.

"दिवसभर चालते ताई."

"कुनाचा दिवस? पंख्याखालचा का आमचा?"

तिनं दुसरा आणि तिसरा फोन काउंटरवर शेजारी उभे केले, दोन्हींवर रस्त्याचा व्हिडिओ चालू केला आणि स्टुलावर ठाण मांडलं. तुळजाबाई दाराशी येरझाऱ्या घालत होती. दर फेरीला उन्हाकडे बघायची.

"शिवकांता, चल गं."

"थांब मावशी. मागला घाईनं घेतला मनून तर तसला निघाला."

पाऊण तासात दुसऱ्या फोनची बॅटरी नऊ टक्के उतरली, तिसऱ्याची चार.

"आता कमरेएवढ्यावरून टाकून बघू का? आमच्या हातून पडतोच."

"आधी पैसे द्या ताई," सुदर्शन म्हणाला, "मग माडीवरून टाका."

तिसरा फोन घेऊन दोघी धावत स्टँडवर आल्या. काळीपिवळी दहा सीट झाल्याशिवाय हलेना. सातवर घोडं अडलेलं. शिवकांता गाडीतून खाली उतरली, पुन्हा चढली. सिमकार्ड जुन्या फोनमध्येच होतं, म्हणून ड्रायव्हरच्या मोबाइलवरून महामायाला लावला. फोन बंद.

"मरू दे, उरलेल्या तीन सीटचं भाडं मी देते. काढ गाडी," ती म्हणाली.

तळ्यावर पोचल्या तेव्हा बायका पुन्हा कामाला लागल्या होत्या. महामाया हसतच पुढं आली.

"तूच मनली होतीस ना, बॅटरी चारवर आली की कुनाची वाट बगू नको. फोटो काढला, लगेच तालुक्याला गेला, आन् फोन मेला. समद्या आल्या बग..." तिची नजर तुळजाबाईवर गेली.

शिवकांतानं सिमकार्ड नव्या फोनमध्ये घातलं आणि तुळजाबाईला तिथंच उभं करून त्यावर फोटो काढला. पापण्यांवरची धूळसुद्धा दिसत होती. पण एकदा गेलेल्या हजेरीला दुसरा फोटो जोडता येत नव्हता. तिनं तीनदा करून पाहिलं.

"मावशी, घरी जा तू. आज आता..."

"माझा गाळ काय ह्या बायकांनी उचलावा?" तुळजाबाईनं पदर खोचला आणि पाटी उचलली.

दिवस मावळेपर्यंत ती खेपा घालत राहिली. शिवकांता बांधावर नवा फोन पदरात गुंडाळून उभी होती.

सुदर्शनचा फोन खपला. ड्रायव्हरला दहा सीटचं भाडं मिळालं. एकोणीस बायकांची हजेरी लागली. शिवकांताला पारखून घेतलेला फोन मिळाला. चौथ्या दिवसाची मजुरी गेली, ती तुळजाबाईची.