मुसाच्या गाडीची काच

मुसाच्या गाडीचा दरवाजा आतून उघडत नसे. आतला खटका कधीचा तुटलेला. काच खाली करायची, हात बाहेर घालायचा, बाहेरची मूठ दाबायची आणि उतरायचं, असं त्याने उभं आयुष्य काढलं. क्लीनरकडचा दरवाजा तर गंजून तारेने बांधलेला. कोणी हसलं की मुसा म्हणायचा, "माझ्या गाडीतून माल पडला असेल, माणूस कधी पडलेला नाय."

आणि गाडी तरी कसली? लांब नाकाचा, जुन्या जमान्यातला ट्रक. तसा आता बघायलाही मिळत नाही. खाणीवरून जांभ्याचे चिरे भरायचे आणि सांगतील तिथे टाकायचे. गणपतीपुळ्याची अर्धी लॉज माझ्या चिऱ्यांवर उभी आहेत, हे मुसा आल्यागेल्याला सांगायचा. अर्धी नसतील, पण पाच-सहा नक्की असतील. मग डोळे अधू झाले, डॉक्टरने स्टिअरिंग धरू नको म्हणून बजावलं. गाडी घरापुढे फणसाच्या सावलीत येऊन थांबली, ती कायमची.

म्हातारा काय ऐकतो? एक दिवस गुपचूप चावी मारून निघाला आणि शेजारच्या यमुनाबाईच्या कुंपणाचा दगडी गडगा पाडून थांबला. कोंबड्यांचं खुराडंही गेलं. यमुनाबाईने जे तोंड सोडलं, ते खाली बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल. तेव्हापासून कुलसुमने, म्हणजे त्याच्या बायकोने, गाडीची चावी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. बेटरी काढू देत नव्हता तो, निदान चावी तरी आपल्याकडे.

गाडी चालवता येत नाही तर नाही, बसता तर येतं. दुपारी जेवला की मुसा केबिनमध्ये चढायचा, दरवाजा ओढून घ्यायचा आणि टेकून डुलकी काढायचा. माशा नकोत म्हणून काच वर. आता पंचाईत अशी, की त्याचा उजवा खांदा धरला होता. काचेचं हँडल घट्ट, ते फिरवताना डोळ्यांत पाणी यायचं. काच उतरल्याशिवाय हात बाहेर जाणार नाही आणि हात बाहेर गेल्याशिवाय दरवाजा उघडणार नाही. तेव्हा उतरायचं झालं की मुसा हॉर्न दाबायचा. हॉर्नला चावी लागत नसे, तो थेट बेटरीवर.

हॉर्न वाजला की कुलसुम हातातलं टाकून धावायची. धावायची आणि बोलायचीही. "आले, आले! जीव चाललाय काय?" दरवाजा उघडून द्यायची, आणि तो उतरेपर्यंत त्याचा उद्धार करायची. "बादशाच्या घरी पण इतके नोकर नसतील." मुसा हसायचा. खरं सांगायचं तर तिच्या तोंडाशिवाय त्याला दिवस गेल्यासारखा वाटत नसे. पण गुडघे दुखायला लागल्यापासून कुलसुमची चिडचिड खरीखुरी झाली होती. मुलाला फोनवर तिने ते सांगितलंही. "दिवसभर याच्या भोंग्यावर नाचते मी."

मुलगा फुजैल कतारला, दोह्यात क्रेनवर होता. सुट्टीवर आला तो एक खोका घेऊनच. दोन मोटरी, बटणं, वायरींचं भेंडोळं.

"अब्बा, बटण दाबलं की काच खाली. कोणाला बोलवायला नको."

"चिऱ्याच्या गाडीला बटण?" मुसा म्हणाला. पण खोका त्याने मांडीवरून खाली ठेवला नाही.

हातखंब्याच्या नाक्यावर गाड्यांची वायरिंग करणारा हरिश्चंद्र आला. मुसाचा जुना माणूस. फणसाखाली अंधार पडतो, म्हणून फुजैलने गाडी पुढे उघड्या खळ्यात, अंगणात आणून लावली. हरिश्चंद्रने दोन्ही दरवाजांची आतली पत्र्याची झाकणं काढली, काचांच्या झिजलेल्या मशिनी हँडलसकट बाहेर ओढल्या. किट बारा व्होल्टचं, गाडी चोवीसची, म्हणून मध्ये कन्व्हर्टर टाकावा लागला. बिजागरीजवळ भोक पाडून रबरी नळीतून वायरी आत घेतल्या. मुसा खुर्ची टाकून समोर बसला होता आणि हरिश्चंद्रला सूचना देत होता. त्यातली एकही कामाची नव्हती.

"चाचा, दरवाजा उघडलाच आहे, तर आतला खटकाही बदलून टाकतो," हरिश्चंद्र म्हणाला.

"त्याला काय धाड भरलीय? काच उतरली की हात बाहेर. बाहेर हात घालायला खांदा दुखत नाय माझा. उगाच जुन्या गाडीची चिरफाड नको."

फुजैलही म्हणाला, राहू दे. कुलसुम चहा घेऊन आली, तिनेही मान हलवली. हरिश्चंद्रने शेवटची वायर जोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सप्लाय चावीवरून घेतलाय. चावी फिरवली तरच बटण चालेल. थेट दिला तर बेटरी बसते."

सगळ्यांनी ऐकलं. कोणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. कसं शिरणार? चावी तेव्हा गाडीलाच होती. फुजैल घरात होता, त्यामुळे म्हातारा कुठे पळेल ही भीती नव्हती.

मुसाने बटण दाबलं. काच गुरगुरत खाली गेली. पुन्हा दाबलं, वर आली. खाली, वर, खाली. हरिश्चंद्र म्हणाला, "चाचा, मोटर जळेल." मग मुसाने काच उतरवून हात बाहेर घातला, मूठ दाबली, दरवाजा उघडला आणि कोणाच्या आधाराशिवाय खाली उतरला. पोरगा लग्नातून नवरी घेऊन आल्यासारखा तोरा होता त्याचा.

"कुलसुम, तुझी नोकरी सुटली गो."

"सुटली एकदाची," कुलसुम म्हणाली.

सुट्टी संपेपर्यंत मुसा रोज असाच आपला आपण उतरला. फुजैलने गाडीला रंगाचा हात मारला. फणसाचा चीक पडून रंग खराब होईल, म्हणून गाडी पुन्हा झाडाखाली नेली नाही. आईला म्हणाला, "काच वर ठेवत जा अम्मी, धूळ गेली तर मोटर बिघडेल." सगळं मायेपोटी. एकाच्याही मनात वाईट नव्हतं, आणि हेच पुढे सगळ्यांना जड गेलं.

फुजैल पहाटेच्या गाडीने मुंबईला, विमानासाठी गेला. त्याच्यामागे कुलसुमने घर आवरलं, अंगण झाडलं. गाडीपाशी आली तेव्हा चावी लटकताना दिसली. पोरगा गेला, म्हातारा मोकळा, यमुनाबाईचा गडगा नुकताच पुन्हा रचलेला. तिने चावी फिरवून दोन्ही काचा वर केल्या, चावी काढली आणि पदराला गाठ मारली. हात आपोआप गेला.

मे महिना. ऊन असं, की अनवाणी माणूस खळ्यात पाय ठेवणार नाही. मुसा जेवला. पोरगा गेल्याचं त्याच्याही मनाला लागलं होतं. गाडीत चढला, दरवाजा ओढून घेतला.

कुलसुम चुलीपाशी होती. मुलासाठी केलेलं उरलं होतं, त्याच्याकडे बघून तिला रडू येत होतं, आणि रडू आलं की तिला राग यायचा. तेवढ्यात हॉर्न वाजला.

सवयीने ती उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. म्हणजे काय? पोराने इतका खटाटोप केला, समुद्रापलीकडून सामान आणलं, आणि अजून आपणच धावायचं? हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक.

"जीव चाललाय काय?" ती आतूनच ओरडली. "बटण आहे ना आता? दाबा की!"

हॉर्न वाजतच राहिला. मध्ये थांबला, मग तुटक तुटक वाजला. कुलसुमने भांडी घासायला घेतली आणि मुद्दाम जोराने आपटली. मुसाचा हट्ट तिला ठाऊक होता. त्याला बटण नको, बायको पळायला हवी. आज जायचं नाही, तिने ठरवलं. एकदा गेलं की जन्मभर जावं लागेल.

थोड्या वेळाने हॉर्न बंद झाला.

"शिकला," कुलसुम स्वतःशीच म्हणाली. तिला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं तिला. हात पुसून ती जमिनीवर आडवी झाली. पहाटेपासूनची दमलेली, तिचा डोळा लागला.

दुपार कलल्यावरची, अस्रची अजान झाली तेव्हा उठली. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला पाणी घ्यायला मुसा आला नव्हता. ओसरीवर नव्हता, मागच्या दारी नव्हता. मग तिने खळ्यात बघितलं. उन्हात गाडी उभी होती आणि काच वर होती.

ती धावली. पदराचं टोक दरवाजाच्या पत्र्यावर आदळलं, आणि गाठीतली चावी खणकन वाजली. त्या आवाजासरशी तिला सगळं कळलं. दरवाजा उघडायच्या आधीच कळलं.

मूठ दाबताच दरवाजा उघडला. बाहेरून तो नेहमीच सहज उघडायचा. आतून भट्टीची झळ आली. मुसाने सदरा काढून टाकला होता. काचेवर आतून तळव्यांचे ठसे होते, उजव्या हाताचेही. ज्या हाताने हँडल फिरत नव्हतं, त्याने किती मारलं असेल. मान हॉर्नच्या बाजूला कलली होती. कुलसुमने त्याच्या तोंडावर पाणी मारलं, पायाचे तळवे चोळले, नाव घेऊन हाका मारल्या. उभ्या संसारात तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. यमुनाबाई गडग्यावरून उडी टाकून आली, माणसं जमली. काही उपयोग नव्हता.

उन्हाने गेला, हृदय कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाला. गावाने ते मानलं. म्हातारा माणूस, झोपेत गेला, चांगलं मरण आलं, असं बायका कुलसुमला समजावत राहिल्या. तिला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

फुजैलला कळलं ते दोह्यात उतरल्यावर. पुन्हा लगेच सुट्टी मिळेना. फोनवर लहान मुलासारखा रडला. मग विचारलं, "अम्मी, काच चालत होती ना? मी बसवलेली?"

कुलसुमने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"चालत होती रे बाबा. छान चालत होती. ते झोपलेले होते."

हरिश्चंद्र मात्र भेटायला आला तो उंबऱ्यातच बसला. त्याने येताना खळ्यातली गाडी बघितली होती, केबिनमध्ये चावी नाही हेही बघितलं होतं.

"चाची, थेट सप्लाय द्यायला हवा होता मी. नायतर तो खटका..."

"तू सांगितलं होतंस," कुलसुम म्हणाली. "मी तिथेच उभी होते, चहाची ताटली धरून. तुझ्याकडे दोष नाही याचा. फुजैलला मात्र बोलू नको."

त्याने मान हलवली. तिने गाठ सोडून चावी त्याच्या हातात दिली आणि गाडी घेऊन जायला सांगितलं. कुठेही ने, भंगारात दे, फक्त डोळ्यांपुढून ने. हरिश्चंद्रने गाडीत बसून चावी फिरवली. बटण दाबलं, काच सरळ खाली गेली. तो तसाच बसून रडला, मग गाडी घेऊन गेला.

घर रस्त्याला लागून आहे. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या वळणावर हॉर्न मारतात, दिवसभर मारतात. कुलसुम चुलीपुढे असो, नमाज आटोपून बसलेली असो, हॉर्न वाजला की हातातलं टाकते आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खळ्यापर्यंत जाते. यमुनाबाई गडग्यापलीकडून म्हणते, कुठे धावतेस गो, रस्त्यावरची गाडी ती. रिकाम्या खळ्यात क्षणभर थांबते आणि परत येते. पुढचा हॉर्न वाजला की पुन्हा उठते.