चंद्र कोण कातेल?

फ्लॉरेन्सच्या वर्तमानपत्रात प्राध्यापक ताद्देईंनी चक्क लिहिलं, की विनिफ्रेड लोडर या इंग्रज बाईच्या पुस्तकातली डोंगरी गाणी तिनं स्वतःच रचली आहेत. पुराव्यादाखल एक ओळ दिली: 'जाताना सख्यानं मला चंद्र दिला, म्हणाला, हा कातून होईतो परत येईन.' चंद्र कातायची कल्पना निरक्षर धनगरणीला सुचेल कशी?

विनिफ्रेडच्या जिवाला ते फार लागलं. बारा वर्षं ती याच डोंगरात राहत होती. चुलीपाशी बसून बायकांची गाणी वहीत उतरवायची, मग इंग्रजीत आणायची. तिनं ताद्देईंना पत्र धाडलं: 'स्वतः येऊन ऐका.'

ऑक्टोबरात ते आले, खेचरावरून, कंबर धरत. झेलिंदाच्या अंगणात बायका चेस्टनट सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या झेलिंदाला येत नाही असं गाणं त्या खोऱ्यात नव्हतं. ताद्देईंनी पुस्तक उघडून इंग्रजीशेजारी छापलेली तीच मूळ इटालियन ओळ मोठ्यानं वाचली.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग झेलिंदा खदखदून हसली.

"अहो, चंद्र कोण कातेल! लाना म्हणा, लाना! लोकर! लूना काय घेऊन बसलात?"

"अगं विनी," शेजारची ओर्सोला म्हणाली, "बारा वर्षं झाली, तुझे कान अजून इंग्लंडातच आहेत का?"

विनिफ्रेड लाजेनं लालबुंद झाली. लाना म्हणजे लोकर, लूना म्हणजे चंद्र; तिनं लोकरीचा चंद्र केला होता! तोवर झेलिंदानं सूर लावला. बाकीच्यांनी गाणं उचललं, आणि पुस्तकात नसलेली दोन कडवीही गाऊन मोकळ्या झाल्या.

"म्हणजे ती ओळ तुमची नव्हे?" ताद्देईंनी विचारलं.

"माझी फक्त चूक." विनिफ्रेडचा आवाज आता खणखणीत होता. "मी रचलेलं असतं, तर यांनी सुधारलं कसं असतं?"

ताद्देईंनी टोपी काढली. "बाई, मी हरलो. ती दोन कडवी पुन्हा गायला सांगाल?"

पंधरा दिवसांनी त्याच वर्तमानपत्रात त्यांची जाहीर माफी छापून आली. विनिफ्रेडनं ती अंगणात उभं राहून वाचली. झेलिंदाचं नाव आलं तशी म्हातारी हातातलं काम टाकून उठली.

"थांब. एवढंच पुन्हा वाच. आणि जरा मोठ्यानं, पलीकडच्या गल्लीत माझी जाऊ राहते!"