एकशे सतरा टक्के गाव

दापोड्याच्या पलीकडच्या त्या गावानं शंभरात एकशे सतरा मिळवले, आणि सरपंच रामनाथांना आनंद मावेनासा झाला.

ते गुण नव्हतेच. तो पटनोंदणीचा दर होता. गावात सहा ते दहा वर्षांची मुलं किती आणि शाळेच्या पटावर किती, याची टक्केवारी. सर्वेक्षणात मुलं बावन्न, पटावर एकसष्ट. शाळेच्या धम्मदिना मॅडमनी आकडे भरले आणि उत्तर बघून कपाळाला हात लावला. सरपंचांनी तेच उत्तर बघून बॅनर छापला: ‘देशाला हवेत शंभर, आमचे एकशे सतरा!’ शेजारी स्वतःचा फोटो, गॉगलसकट. शाळेपुढे मांडव पडला, पेढे आले, हळदीला वाजवणारे बेंजोवाले आले, मॅडमच्या गळ्यात हार पडला. मॅडमना हसू आवरेना आणि तोंडातला पेढाही गिळवेना.

वरची नऊ मुलं कुठली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती गावालगतच्या गोदामांत राहणाऱ्या कामगारांची, आपल्या पायांनी शाळेत आलेली. सरपंचांनी सर्वेक्षण घरोघर न फिरता घरपट्टीच्या वहीवरून उरकलं होतं, आणि त्या वहीत गोदामं धंद्याच्या पानावर. तिथं मूल मोजणार कोण? आणि जी मुलं शाळेत येतच नव्हती, ती तर कुठल्याच आकड्यात नव्हती. तिसरीतल्या करिष्मानं कालच बोटं मोजून सांगितलं होतं. तिचे वडील गोदामात पॅकिंगला. तिथल्या खोल्यांत तिच्या सहा वर्षांच्या बहिणीसकट अशी एकोणीस मुलं होती. म्हणजे गावात मुलं ऐंशी आणि दर शहात्तर.

आज गप्प बसलं, तर ती एकोणीस कायमची गेली. बोललं, तर भर मांडवात सरपंचांचं नाक कापलं जाणार. मॅडमनी पेढा एकदाचा गिळला आणि सांगून टाकलं.

बेंजो थांबला. सरपंचांनी गॉगल काढला.

“मॅडम, गोदामात पार्सलं ऱ्हातात. मानसं न्हाय.”

पहिल्या रांगेतून करिष्मा उठली. “तो मैं पार्सल हूँ क्या?”

अख्खा मांडव खो खो हसला. सरपंच कानापर्यंत लाल झाले, मग तेही हसायला लागले, आणि हसता हसताच बेंजोवाल्यांकडे वळले. “वाजवा रं. गोदामाकडं चला.”

मग काय विचारता! पुढे बेंजो, मागे पेढ्यांचं खोकं डोक्यावर घेतलेले सरपंच, त्यांच्यामागे नाचत सगळं गाव. अडकलेले ट्रकवाले तालावर हॉर्न देऊ लागले. खोल्यांतून मुलं बाहेर आली, त्यांच्या आया आल्या. टेम्पोच्या बॉनेटवर हजेरीपट ठेवून मॅडमनी एकोणीस नावं लिहिली, आणि शेवटचं नाव लिहून झाल्यावर भर रस्त्यात दोन पावलं नाचूनही घेतलं. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

शाळेत आल्यावर कळलं, नव्या मुलांना बसायला सतरंजीच नाही. सरपंच स्वतः खुर्चीवर चढले, बॅनर उतरवला आणि वर्गात अंथरला.

“आता किती झालं, मॅडम?”

“ऐंशीतले ऐंशी. शंभर टक्के.”

“म्हंजे सतरा गेलं.” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

तेवढ्यात करिष्माची बहीण आली आणि नेमकी त्यांच्या फोटोवर मांडी घालून बसली. करिष्मा तिला उठवायला धावली. सरपंचांनी हात आडवा घातला.

“ऱ्हाऊ दे गो. जागा तिचीच हाय.”